नव्याचं धोंडस

सासरच्या घरात मी पहिलं पाऊल टाकलं तेव्हा माप लवंडलं, नाव घेतलं, आणि दोन पावलं पुढं जाते न जाते तोच कपाळाला काकडी लागली. बारकीसारकी नाही, चांगली हातभर लांब, पिकून तांबूस झालेली, सालीवर पांढऱ्या भेगांची जाळी पडलेली जून काकडी. बियाण्यासाठी राखलेल्या अशा चार-पाच काकड्या वाखाच्या दोरीच्या फासात घालून वाशांना टांगलेल्या होत्या. माझ्या मुंडावळ्या तिच्यात अडकल्या, काकडी झोके घ्यायला लागली आणि माजघरातल्या सगळ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. सासू तेवढी हसली नाही. तिनं आधी काकडी धरून थांबवली, फास नीट आहे का ते पाहिलं, आणि मग माझ्या मुंडावळ्या सोडवल्या. मी तेव्हा चौदा वर्षांची. पण या घरात आधी कोण आणि मागून कोण, एवढं कळायला ते वय पुरेसं होतं.

माझं माहेर मुरबाडकडचं, सिद्धगडाच्या पायथ्याचं. सासर शहापूर तालुक्यात, आटगावपासून पायी घटकाभराच्या वाटेवर. आज नातू मोटारसायकलवर दोन तासांत पोचतो आणि वर म्हणतो, आजी, एवढंसंच तर आहे. मला ते एवढंसं बैलगाडीनं दीड दिवस लागलं होतं. काळू नदी ओलांडताना गाडीचं चाक रुतलं तेव्हा मी खाली उतरून मागं बघितलं, तर सिद्धगड दिसत होता पण लहान झाला होता. सासरी आल्यावर डोंगराच्या जागी मला इंजिनाची शिट्टी मिळाली. वारा तिकडून असला की ती अगदी चुलीपाशी ऐकू यायची. आमचे हे उंबरमाळीच्या बाजूला लायनीवर खडी टाकायच्या कामाला होते, आठवड्यातून एकदा घरी यायचे. शिट्टी झाली की मला वाटायचं, ही त्यांनाही ऐकू आली असेल. असल्या गोष्टी कुणाला सांगायच्या नसतात, म्हणून तेव्हा सांगितल्या नाहीत. आता सांगायला हरकत नाही.

घरात सासू, सासरे आणि मी. सासूला आम्ही आत्याच म्हणायचो, तशीच आमच्याकडची रीत. आत्या उंचीनं ठेंगणी, अंगानं काटक आणि कानानं अशी तिखट की पडवीत बसून माजघरातल्या जात्याच्या घरघरीवरून सांगायची, नाचणी संपत आलीय, वरई भरड पडतेय, खुंटा ढिला झालाय. मी हुंगून ओळखते तशी ती ऐकून ओळखायची. माझं काम तिला कधी पसंत पडलं नाही. भाकरी जाड झाली की म्हणायची, मुरबाडला हात मोठे असतात वाटतं. भाकरी पातळ झाली की म्हणायची, मुरबाडला पीठ कमी पडतं वाटतं. वाईट वाटायचं, पण खोटं कशाला बोलू, माहेरी आईही असंच बोलायची, फक्त गावाचं नाव घ्यायची नाही.

आमच्या अंगणाला लागून धाकट्या काकीचं अंगण होतं, मधे नुसती एक तुळस. ही माझी चुलतसासू, आत्याची जाऊ. अंगानं भरलेली, बोलायला सुटली की थांबायची नाही, आणि आत्याचं काय चुकतं ते सगळ्या गावाआधी तिला ठाऊक. दोघींचं भांडण म्हणावं तर नव्हतं आणि गोडी म्हणावी तर तीही नव्हती. त्याचं मूळ होतं नव्याच्या धोंडसात.

ज्यांना धोंडस ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. जून काकडी किसायची, तांदळाचा जाडसर रवा खुरासणीच्या तेलावर भाजायचा, त्यात कीस, गूळ, चिमूटभर मीठ, जराशी सुंठ घालायची. टोपाला आतून हळदीची पानं लावायची, त्यात हे पीठ ओतायचं, टोपाखाली निखारे आणि वर तवा ठेवून त्यावरही निखारे. खालून-वरून सारखी धग लागली की ते फुगतं, तांबूस होतं, आणि पानाचा वास असा सुटतो की वाटेनं जाणारा माणूस घर विचारत येतो. माझी नात त्याला काकडीचा केक म्हणते. तिच्याकडं ते विजेच्या पेटीत होतं आणि झालं की पेटी टिंग करते. आमच्याकडं टिंग करणारं कुणी नव्हतं, आणि धोंडस दीडशे माणसांचं असायचं.

दीडशे माणसांचं कशाला, तर नव्याला. आश्विनात हळवं भात आधी तयार होतं, ते कापून, झोडून, सडून त्याचे पहिले तांदूळ गावदेवीला दाखवायचे. ते दाखवल्याशिवाय गावात कुणी नवा तांदूळ शिजवायचा नाही, तोंडात तर दाणासुद्धा टाकायचा नाही. ऐकायला ही साधी रीत वाटते. पण भाद्रपद सरता सरता घराघरातले जुने तांदूळ संपलेले असायचे. महिनाभर नाचणीची आंबील, वरई, करटुली, रानभाज्या. खळ्यावर नव्या भाताची रास दिसतेय, वास येतोय, आणि पोरं रडतायत तरी हात लावायचा नाही. गावाबाहेरच्या वाडीवरची माणसं, ज्यांना स्वतःचं शेत नव्हतं, ती तर त्या दिवसाची वाट आमच्याहून जास्त बघायची, कारण कापणीच्या मजुरीचं भात त्यांच्याही घरात पडून असायचं. त्या दिवशी प्रत्येक घरातून शेरभर नवा तांदूळ आणि एक जून काकडी यायची, त्याचं सगळ्यांचं मिळून एक धोंडस व्हायचं, आणि देवीला दाखवून वाटलं की मगच घराघरात भात चढायचा.

हे धोंडस करायचा मान आमच्या घराकडं होता. आत्याच्या सासूनं केलं, तिच्यामागं आत्यानं. काकीचं म्हणणं असं की मान घराण्याचा आहे, आणि घराण्यात त्यांचं घरही येतं, तेव्हा कधीतरी तुळशीच्या त्या बाजूलाही चूल पेटू द्या.  यावर आत्या फक्त नव्याच्या दिवशी पहाटे उठून टोप घासायला घ्यायची, जरा जास्तच आवाज करत.

तर माझ्या पहिल्या नव्याच्या आदल्या दिवसापर्यंत सगळं रीतीप्रमाणं झालं. तांदूळ आले, धुऊन वाळवले, मी आणि आत्यानं जात्यावर रवा काढला. आत्यानं मला एवढंच काम दिलं होतं. पुढचं ती कुणाला दाखवायची नाही. मी विचारलं तर म्हणाली, तुझं काय अडलंय, तू हळदीची पानं पूस.

आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आत्या बाजूला बसली.

आजच्या मुलींना हेही समजावून सांगावं लागतं. महिन्याच्या त्या दिवसांत आमच्याकडं शेतात कामाला चालायचं, भारा उचलायला चालायचं, पण चुलीला आणि देवाला नाही. चार दिवस पडवीत गोठ्याच्या बाजूला बसायचं, पाचव्या दिवशी न्हाऊन घरात यायचं. आणि नव्याच्या दिवशी तर आणखी कडक. बाजूला बसलेल्या बाईनं चुलीवरच्या बाईशी बोलायचंही नाही. तिचा शब्द अन्नावर पडला तर ते देवीला चालत नाही, सगळं गाईपुढं टाकायचं आणि परत तांदूळ गोळा करायचे. पुढं घर माझ्या हातात आल्यावर मी हे बसणं बंद केलं, आणि बंद करताना मला कुणी अडवलं नाही. का अडवलं नाही ते या प्रकरणात कळेल. पण त्या पहाटे मी चौदा वर्षांची होते आणि आत्या घोंगडी घेऊन पडवीत जाताना माझ्याकडं बघत होती. बोलायची चोरी, म्हणून नुसतीच बघत होती.

सासऱ्यांनी पंचांना विचारलं. घरातली सून आहे, तिनं केलं तर मान घरात राहतो, असं ठरलं. पण त्यांनी मला येऊन हेही सांगितलं, आणि हळू सांगितलं, की यंदा नाय जमलं तर पुढल्या वरसापासून चूल पलीकडं जाईल, लोक तसं बोलतायत. मग थोडं थांबून म्हणाले, तुझ्या सासूकडं दुसरं काय नाय गो.

मी मान हलवली. मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगते, मनातून मला उकळ्या फुटत होत्या. कारण धोंडस मला येत होतं. माझ्या आईचं धोंडस माहेरच्या पाच गावांत नावाजलेलं. गौरीला ते आमच्या घरी व्हायचं आणि नऊ वर्षांची असल्यापासून मी आईच्या हाताखाली होते. एका शेर रव्याला वीतभर काकडीचा कीस, कीस सुटलेल्या पाण्यासकट. कधी चुकलं नव्हतं. मला वाटलं, आज मुरबाडचे हात बघाच म्हणावं.

सकाळी गावातल्या बाया आल्या. काकड्या चिरल्या, देठाकडची चकती घासून फेस काढला, बिया काढून ठेवल्या. पत्र्याला खिळ्यानं भोकं पाडून केलेल्या किसण्या होत्या, त्यांचा करकर आवाज अंगणभर. अंगणात लांबलचक चर खणलेला, त्यात आठ टोप बसतील एवढा. चरातला जाळ पारूकडं होता. पारू वाडीवरची, ऐन आणि खैराची लाकडं आणून निखारे पाडायचं काम दरवर्षी तिचंच. पारूनं टोपाला हात लावायचा नाही, पण निखाऱ्याला तिच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, अशी वाटणी. ती तवा उचलून त्याखाली तळहात धरायची आणि मनातल्या मनात काहीतरी मोजून वर अजून दोन निखारे घालायची, किंवा खालचा एक ओढायची.

किसणं संपल्यावर बाया आपापल्या घरी गेल्या, देवळाकडं जायची तयारी करायला. माझ्याजवळ काकी राहिली. मदतीला म्हणून राहिली होती, आणि काय होतं ते बघायलाही राहिली होती, दोन्ही खरं. ती उंबऱ्यात बसून हळदीची पानं पुसत होती. मी मोठ्या परातीत तेलावर भाजलेला रवा घेतला, गूळ फोडून घातला, आणि आईच्या मापानं कीस घातला, पाण्यासकट. दोन्ही हातांनी कालवलं. हाताला जरा पातळ लागलं. मला वाटलं, एवढं मोठं कालवण कधी केलं नाही, म्हणून लागत असेल. रवा पिईल थोड्या वेळानं. मी थांबले. रवा प्याला नाही.

आता मला माहीत आहे काय झालं होतं. माझी आई धोंडस करायची गौरीला, तेव्हा नवं भात शेतात हिरवं उभं असतं. म्हणजे आमचं माहेरचं धोंडस जन्मभर जुन्या तांदळाचं. जुना तांदूळ तहानलेला असतो, पाणी पितो. नवा तांदूळ आधीच ओला असतो पोटात, तो काकडीचं पाणी घेत नाही, नुसता त्यात बसून राहतो. नव्याला कीस पिळून पाणी बाजूला काढायचं असतं आणि लागेल तसं हातानं शिंपडायचं असतं. हे मला कोण सांगणार? आईला ते माहीत असायचं कारण नाही. आणि नव्या तांदळाचं आधी थोडंसं करून बघावं, तर देवीच्या आधी नव्याला चूलच दाखवता येत नाही. या धोंडसाची तालीम करताच येत नाही. वर्षातून एकदा, एकदम दीडशे माणसांचं, तेही चव न बघता. ज्या हाताला माहीत आहे त्या हातालाच माहीत, आणि तो हात भिंतीपलीकडं पडवीत होता.

मी पहिला टोप जवळ ओढला आणि ओंजळीनं पीठ घालायला लागले. ओंजळ उघडली की पीठ चळचळ आवाज करत पानांवर पडायचं. एक ओंजळ, दोन, तीन.  काकीचं पान पुसणं थांबलं होतं. चौथी ओंजळ घातली आणि भिंतीपलीकडून आवाज आला. मोठा नाही, पण अगदी स्पष्ट.

"सगुणे, पीठ बोलतंय गो. नव्याचं पीठ बोलत नसतं. कढईत घाल आन् चुलीवर घाट त्याला."

माझे हात परातीतच राहिले. किसण्यांचा आवाज केव्हाच थांबलेला, गोठ्यातली गाय तेवढी रवंथ करत होती. अन्नावर शब्द पडला होता. आणि ऐकणारी कोण, तर काकी. तिनं एवढंच करायचं होतं की उठायचं आणि चावडीवर जाऊन सांगायचं. खोटं बोलायची गरज नव्हती, झालं ते सांगितलं असतं तरी पुरे. गावाचं पहिलं पीठ गाईपुढं गेलं असतं, वाडीवरच्या पोरांचं वाट बघणं आणखी आठ दिवस लांबलं असतं, आणि मान तुळशीपलीकडं गेला असता, कायमचा. आत्याला हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? ती गप्प बसली असती तर धोंडस बिघडलं असतं, पण बिघडवलं मुरबाडच्या सुनेनं, असं झालं असतं. तिच्यावर काही आलं नसतं. तरी ती बोलली.

मी काकीकडं बघितलं. काकी माझ्याकडं बघत नव्हती, भिंतीकडं बघत होती.  मग तिनं हातातलं पान गठ्ठ्यावर ठेवलं आणि पडवीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"सगुणे, तुझी सासू झोपलीय. झोपेत बडबडाची सवय हाय तिला, मला लगनापासून ठावं. झोपेतलं बोलणं देवीला लागत नाय."

 आणि मग, सकाळच्या उन्हात, गावदेवीच्या साक्षीनं सांगते, भिंतीपलीकडून घोरण्याचा आवाज यायला लागला. आत्या आयुष्यात कधी घोरली नव्हती. त्यामुळं तिला ते नीट जमतही नव्हतं. करवतीनं ओलं लाकूड कापावं तसं काहीतरी चाललं होतं.

अंगणातून पारूनं फुंकणी बाजूला ठेवली आणि निखाऱ्यांकडंच बघत म्हणाली, "काकी, वयनींना जरा हळू घोराला सांगा. पलीकडल्या आळीत जाग येल."

काकीनं पदर कमरेला खोचला. मोठी कढई चुलीवर चढवली ती तिनंच. आम्ही दोघींनी परातीतलं सगळं पीठ तीन वेळा करून त्यात घाटलं. लाकडी उलथन्यानं एकीनं ढवळायचं, हात भरून आला की दुसरीनं घ्यायचं. भिंतीपलीकडून घोरणं चालू होतं आणि घोरता घोरता मधेच आत्या बडबडायची. मंद ठेव. तळाशी लागू देऊ नको. उलथनं उभं राह्यलं की काढ. मग परत करवत. एकदा ती म्हणाली, गूळ आता घालू नको आणखी, आणि काकी पुटपुटली, झोपेतसुद्धा हिला गुळाची काळजी. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि वाफेनं दोन्ही झाकलं जात होतं. पीठ हळूहळू घट्ट झालं, चकाकी आली, उलथनं मधोमध उभं राहिलं. ते निववून टोपात घातलं तेव्हा एकदाही आवाज झाला नाही.

मग पारूचं राज्य. घाटलेल्या पिठाला धग वेगळी लागते, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. तिनं खालचे निखारे निम्मे केले आणि वरचे वाढवले. सूर्य डोक्यावर यायच्या आत पहिल्या टोपाच्या कडेनं वास सुटला. हळदीच्या पानाचा, करपायच्या जरा आधी थांबलेल्या गुळाचा. देवळाकडून ढोल वाजायला लागले तेव्हा आम्ही आठवा टोप केळीच्या पानावर उपडा केला. सात अख्खे निघाले, आठव्याचा एक कोपरा पानाला चिकटून तुटला. काकीनं तो तुटका भाग आत वळवून ठेवला आणि म्हणाली, देवीला पाठ नाय दाखवाची.

नव्याच्या धोंडसाला लोखंड लावत नाहीत, सुताच्या दोऱ्यानं कापतात. देवीपुढं पहिला तुकडा गेला, मग म्हाताऱ्यांना, मग पोरांना, मग सगळ्यांना. एका म्हाताऱ्यानं दात नसलेल्या तोंडात ते घोळवलं आणि विचारलं, यंदा कुणी केलं. सासरे म्हणाले, घरातल्यांनी. वाडीवरच्या माणसांना शेवटी वाटलं, रीतीप्रमाणं अंगणाच्या कडेला उभं करून, आणि रीतीप्रमाणं कडेचे तुकडे. पारूलाही कडेचाच मिळाला. मधला तुकडा उचलून तिच्या हातावर ठेवायचं मला सुचलं नाही. आज इतक्या वर्षांनी हे लिहिताना सगळ्या दिवसाचं समाधान वाटतं आणि एवढी एकच गोष्ट लागते. तिनं तक्रार केली नाही, म्हणून आणखीच लागते.

संध्याकाळी घराघरातून भाताचा वास आला. तो वास कसा असतो ते महिनाभर आंबील खाल्लेल्यालाच विचारावं. पडवीत आत्यानं नाचणीची भाकरी खाल्ली, कारण बाजूला बसलेलीला प्रसाद चालत नाही. मी माझा तुकडा हळदीच्या पानात गुंडाळून शिंक्यावर ठेवून दिला. मनात म्हटलं, हिनं खाल्ल्याशिवाय मी नाही खाणार. धोंडस चार दिवस टिकतं, उलट मुरतं. पाचव्या दिवशी आत्या न्हाऊन, केस पाठीवर मोकळे सोडून घरात आली. मी शिंक्यावरून पान काढते तोच मागच्या दारानं काकी आली. पदराखाली काहीतरी होतं. तिनं ते खाली ठेवलं, तर तिच्याही वाटणीचा तुकडा, न खाल्लेला, पानासकट.

 आम्ही तिघी चुलीपुढं बसलो. काकीनं दोन्ही तुकड्यांचे तीन वाटे केले आणि मोठा वाटा आत्यापुढं सरकवला. आत्यानं एक घास घेतला, सावकाश चावला, डोळे मिटले.  ती म्हणाली, सुंठ जरा कमी पडली. काकी लगेच म्हणाली, मग पुढल्या वरसाला जागी राहून सांग. आत्याच्या तोंडातला घास बाहेर यायचा राहिला. ती हसते तेव्हा कशी दिसते ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. पुढचे दोन दात जरा पुढं, आणि डोळे अगदी बारीक होतात.

हसणं ओसरल्यावर आत्यानं विचारलं, तू का नाय सांगितलंस गो? काकीनं पानाला चिकटलेला कण बोटानं टिपला. म्हणाली, "मान घेतला असता मी. दहा वरसं मागं लागलेय, खोटं कशाला बोलू? पण पीठ बोलतंय ते मलापण आयकू येत होतं. आन् काय कराचं ते मला ठावं नव्हतं. मान घेऊन मी पुढल्या वरसाला काय केलं असतं? तुला कुठून झोपवली असती?"

आत्यानं चुलीतली राख काडीनं सारखी केली. मग तिनं एवढंच म्हटलं की कीस पिळून पाणी बाजूला ठेवायचं असतं.

मी पुष्कळ माणसांची देणेकरीण आहे. आईची आहे, जिनं हात शिकवले. पुढं ज्या मास्तरांच्या पोरीनं मला पाटीवर अक्षरं शिकवली आणि जिच्यामुळं हे लिहू शकते, तिची आहे. पण आत्या आणि काकीकडून मला जे मिळालं त्याला नाव देता येत नाही. एकीनं स्वतःचं नुकसान होत असताना बोलायचं ठरवलं आणि दुसरीनं स्वतःचा फायदा होत असताना ऐकायचं नाही असं ठरवलं. आणि दोघी कुणी थोर नव्हत्या. दुसऱ्याच दिवशी तुळशीच्या आळ्यातलं पाणी कुणाच्या अंगणात गेलं यावरून दोघी परत बोलायच्या बंद झाल्या होत्या, चांगल्या संक्रांतीपर्यंत.

पुढच्या वर्षी नव्याच्या दिवशी आत्या चुलीपाशी होती. पंचांनी विचारायच्या आत तिनं सासऱ्यांना सांगून टाकलं की यंदापासून धोंडस दोन्ही घरांचं. मग काकीला हाक मारली. काकी आली, पण उंबऱ्यातच उभी राहिली, आत या म्हणावं लागलं. आत्यानं मला परातीच्या एका बाजूला बसवलं, काकीला दुसऱ्या बाजूला. कीस पिळला. पाण्याचा तांब्या स्वतःजवळ ठेवला आणि चार-चार थेंब शिंपडत आम्हाला कालवायला लावलं. इतक्या वर्षांत जे तिनं कुणाला दाखवलं नव्हतं ते ती दोघींना दाखवत होती, आणि दाखवताना मधेमधे आमच्या हातांवर चापटही मारत होती. पुरेसं झालं असं तिला वाटलं तेव्हा तिनं तांब्या बाजूला सारला, काकीचं मनगट धरलं, ओंजळ भरून टोपावर नेली आणि म्हणाली, सोड.

काकीनं ओंजळ उघडली. पीठ खाली गेलं. आम्ही तिघीही टोपावर वाकलो होतो.

"आयकलंस?" आत्यानं विचारलं.

काकीनं मान तिरपी करून जरा वेळ कान दिला. "मला तर काय आयकू आलं नाय."

"हां," आत्या म्हणाली, "तेच."